त्रेसष्टावा घोडा

माझ्या जीपमध्ये सध्या जे डिझेल इंजिन आहे ते ६२ हॉर्सपॉवरचं. ते काढून त्या जागी जे बसवावं असा सल्ला निम्मं कोल्हापूर मला देतं, ते ६३ हॉर्सपॉवरचं. हा तपशील मी मोठ्या उत्साहाने घरात सांगितला तेव्हा बायको मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि खर्च?"

"लाखाच्या आतबाहेर."

"म्हणजे एका घोड्याला लाख रुपये," ती म्हणाली आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

वास्तविक हा हिशेब मांडायचं काम माझं. हयातभर मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवली. घसारा कसा काढायचा, मालमत्ता वहीतून कधी खोडायची, बुडीत खात्यात आणखी पैसे का ओतू नयेत, हे गावातल्या कितीतरी चार्टर्ड अकाउंटंटांनी माझ्या तासाला उतरवून घेतलं आहे. त्यातले काही अजून रस्त्यात भेटतात, जीपकडे बघतात, "सर, कशी आहे गाडी?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात.

जीप १९७३ सालची, सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली. कागलकडच्या एका ऊसवाल्या बागायतदाराकडून निवृत्तीच्या पैशांतून घेतली. घेताना माणसं बॅटरी बघतात, टायर बघतात, चासी ठोकून बघतात. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि होय म्हटलं. बायकोच्या बाबतीतही मी हेच केलं होतं, पण तिथे निभावलं.

इंजिन प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेलं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, ८३चा स्ट्रोक, २११२ सीसी. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. मुलीचा मोबाइल नंबर नाही. तर हे इंजिन सकाळी चालू करणं हा विधी आहे. आधी हीटर प्लग तापवायचे, मग सेल मारायचा, मग थोडं थांबायचं, मग पुन्हा हीटर. समोरच्या बंगल्यातल्या वहिनी आमचा सेल वाजला की गच्चीत येऊन दोरीवरचे कपडे काढायला लागतात. माझ्याकडे बघतही नाहीत. एकदा मी खालून "आज फारसा धूर नाही हं" असं ओरडून सांगितलं, तर त्यांनी बेडशीटसुद्धा काढली.

धुराचं शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा पंप बघा. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरलंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. माझी जीप पक्षपात करत नाही. सकाळी पांढरा, चढाला काळा, आणि उतार संपवून पुन्हा पाय दिला की निळा.

म्हणून तिला उद्यमनगरात नेली. उद्यमनगर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोल्हापूरच्या या भागात शेतीच्या ऑइल इंजिनांवर पिढ्या वाढल्या. एका बोळात बोअर मारून मिळतो, दुसऱ्या बोळात क्रँक घासून मिळतो, आणि दोन्हींच्या मध्ये चहा मिळतो, जिथे तुमच्या गाडीचं काय करायचं हे ठरतं. आमच्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि ते तोंडावर तसंच उलटं ठेवून दिलं. झाकण थरथरलं, मग टुणटुण उडायला लागलं आणि शेवटी मडगार्डवर आपटून खाली घरंगळलं. मिस्त्रींनी ते उचललं, पुसलं, माझ्या हातात दिलं.

"बघितलासा? रिंगा गेल्यात. वरचा दाब समदा खाली उतरतोय. आता दोनच वाटा. हेचंच काम काढायचं, न्हाईतर हे उतरून डीआय चढवायचं."

इथून माझं आयुष्य बदललं. म्हणजे जीप तिथेच होती, पण मला विषय मिळाला. निवृत्त माणसाला सकाळी फिरायला गेल्यावर रक्तदाबाशिवाय काही बोलायला असणं ही केवढी चैन आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक. रंकाळ्यावर मी "इंजिन बदलावं म्हणतोय" एवढंच म्हणायचा अवकाश, बाकावरच्या चौघांच्या माना वळायच्या. ज्यांनी जन्मात स्कूटरचा प्लग काढला नाही तेही "डीआयच टाका" म्हणायचे.

डीआयची, म्हणजे महिंद्राच्याच दुसऱ्या डिझेल इंजिनाची, कीर्ती खोटी नाही. २५२३ सीसी, साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. मापं इंचात निघतात, कारण खानदान ट्रॅक्टरचं. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, त्या घराण्यातलं हे. स्ट्रोक लांब असल्याने ते सावकाश फिरतं आणि फिरता फिरता जबर ओढतं. २०१० साली आलेल्या थारच्या स्वस्त अवतारात हेच होतं: ६३ हॉर्सपॉवर, पण १५०० ते १८०० फेऱ्यांतच १८० न्यूटन-मीटरची ओढ. प्यूजोला तेवढी ओढ जन्मात जमली नाही. शिवाय डायरेक्ट इंजेक्शन, त्यामुळे सकाळचा हीटरचा विधी जवळजवळ संपला आणि सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी. घोडा एकच जादा, पण बाकीचे बासष्ट अचानक बैल होतात, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे आता गोठा."

माझा मेहुणा पिंपरी-चिंचवडला असतो. त्याचा तिसराच पक्ष. "दाजी, टाकायचंच तर कॉमन रेल टाका ना. स्कॉर्पिओचं. टर्बो." त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी जुनी जीप चिखलातून अशी काढली की चारही चाकं वेगवेगळ्या दिशांना जात होती. मिस्त्रींनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला आणि विचारलं, "फुडं त्या गाडीचं काय झालं?" मेहुण्याकडे पुढचा व्हिडिओ नव्हता.

आणि चौथा पक्ष म्हणजे माझा दंतवैद्य मित्र. याच्याकडेही जीप आहे. ती कापडाखाली असते, त्या कापडावर प्लास्टिक असतं, आणि महिन्यातून एकदा तो ते दोन्ही काढून तिला हवा दाखवतो. याच्या तोंडी एकच शब्द: ओरिजिनल. "इंजिन हे गाडीचं काळीज आहे. ते काढलंस की उरला पत्रा. ओरिजिनल इंजिनाचं काम कर, कितीही लागू दे." दुसऱ्याच्या दाढेपासून इंजिनापर्यंत 'कितीही लागू दे' म्हणायची त्याला सवयच आहे. पण त्याचं बोलणं मला पटायचं. मेहुण्याचंही पटायचं. मिस्त्रींचं तर पटायचंच. शेवटी जो भेटला तो बरोबर, अशी माझी अवस्था.

मग मी शास्त्रोक्त कसोटी घ्यायची ठरवली. गगनबावड्याला जायचं, करूळ घाट उतरायचा आणि पुन्हा चढायचा. चढली तर प्यूजोचं काम काढायचं, नाही चढली तर डीआय. आषाढाचे दिवस होते. बायको बरोबर आली, कारण मी तिला फक्त गगनबावडा सांगितलं होतं, कसोटी नाही.

उतार झकास उतरली. चढताना मध्यावर इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि गप्प झालं. धुकं एवढं की बॉनेटच्या टोकावरचा आरसा दिसेना. माझ्या मनात पहिला विचार आला तो काळजीचा नव्हता, "चला, निकाल लागला" असाच होता. पण निकालही सरळ लागेना. डिझेलमध्ये हवा धरली होती. ती कुठल्याही इंजिनात धरते, त्यामुळे ही कसोटी धरायची की नाही हाच वाद मी मनातल्या मनात सुरू केला. तेवढ्यात बायकोने छत्री उघडून विचारलं, "आता काय करायचं असतं?"

हवा काढायची असते. डिझेल फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू थोडा ढिला करायचा आणि बाजूच्या हातपंपाचा दट्ट्या अंगठ्याने दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे असलेलं डिझेल, मग बुडबुडे विरळ होतात आणि शेवटी एकसंध धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून सेल मारायचा, तिथेही ठिबकलं की आवळायचं. हे सगळं पुस्तकात नऊ ओळींत आहे. पुस्तकात पाऊस नाही. माझा अंगठा दहाव्या मिनिटाला बधिर झाला आणि बायकोने छत्री माझ्या हातात देऊन दट्ट्या स्वतः दाबायला घेतला. कणीक तिंबणाऱ्या हाताला त्याचं काही वाटलं नाही. तिकडून एक लाल एसटी आली. चालकाने वेग कमी केला, खिडकीतून दृश्य पाहिलं: बॉनेटखाली वाकलेली बाई आणि तिच्यावर छत्री धरून उभा असलेला पुरुष. तो मला म्हणाला, "धरा, धरा. नीट धरा."

जीप चालू झाली आणि घाट चढलीही. म्हणजे न चढता चढली. निर्णय होता तिथेच.

तेव्हा मिस्त्रींनीच एकदा सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून हिशेब मांडला. "सर, इंजिन बदलायचं म्हंजी नुसतं इंजिन बदलायचं नसतंय." डीआय उंचीला आणि लांबीला थोराड. त्याचं ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला लागणार, म्हणून माउंटिंग नवी वेल्ड करायची. इंजिन सरकलं की रेडिएटर सरकवायचा. गिअरबॉक्स जुळत नाही, म्हणजे गिअरबॉक्सही डीआयचाच घ्यायचा. तो लांब, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा आणि पुढचा वाढवायचा. क्लच आलाच. सायलेन्सरची नळी स्टिअरिंगच्या वाटेत येणार, ती वळवायची. कागद संपला तेव्हा जीपमधलं फक्त बॉनेट आणि मी एवढंच जुनं राहत होतं.

आणि मग त्या कागदाच्या मागच्या बाजूला मी माझा हिशेब केला. या जुन्या जिपांच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८. म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट पाच वेळांहून जास्त फिरायला हवा. प्यूजो ४५०० फेऱ्यांपर्यंत जातं, ताशी शंभराच्या वर, निदान गणितात. प्रत्यक्षात चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जीप त्या वेगाला नेणारा माणूस हिशेब करायला उरत नाही. डीआयला मात्र तीन हजारांच्या थोडं पुढे धाप लागते. सरळ चौथ्या गिअरमध्ये तीन हजार फेऱ्या म्हणजे ताशी सत्तर-बहात्तर. म्हणजे लाखभर रुपये घालून माझी गाडी आहे त्यापेक्षा हळू धावणार होती. "मग क्राउन-पिनियन बदला," मिस्त्री म्हणाले. "पुढची आणि मागची, दोन्ही. फोर-बाय-फोर हाय न्हवं?" त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हेच मला त्यांचं आवडतं आणि महागात पडतं.

दंतवैद्य खूश झाला. पण त्याच सुमारास मला त्याच्याविरुद्ध एक जबरदस्त मुद्दा सापडला. सीजे-थ्री-बी ही गाडीच मुळात इंजिन बदलण्यातून जन्मली! विलीज कंपनीकडे आधी ठेंगणी सीजे-थ्री-ए होती. मग त्यांनी हरिकेन हे २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणलं, ज्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते. त्यामुळे ते उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३ साली कंपनीने काय केलं? बॉनेट उंच केलं. ज्या तोंडावर मी भाळलो ते तोंड म्हणजे इंजिन बसेना म्हणून केलेली तडजोड आहे. मूळ कारखान्याने जे केलं ते उद्यमनगरात केलं तर पाप कसं? दंतवैद्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "ते ओरिजिनल बदललेलं होतं." यावर काय बोलणार?

हा वाद असाच सुखाने चालला असता. पण पीयूसीची तारीख उलटली.

पेट्रोल पंपावरच्या पीयूसीवाल्या पोराने नंबर कॉम्प्युटरात घातला. मागे जीप ढणढणत होती.

"काका, पेट्रोल गाडी आहे ही."

"डिझेल आहे."

"इथे पेट्रोल दाखवतंय."

"अरे, आवाज ऐक ना!"

"काय?" त्याने कानाला हात लावला. "बंद करा आधी. ऐकू येत नाही."

घरी येऊन नोंदणीपुस्तक काढलं. आजवर मी त्यातलं माझं नाव तेवढं वाचलं होतं. ते छान छापलंय. इंधनाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात पेट्रोल. इंजिन नंबर प्यूजोच्या नंबराशी एका अक्षरानेही जुळेना. बागायतदाराला फोन लावला. ते म्हणाले, "व्हय की. आमच्या बानं बदललं. पेट्रोलचं इंजिन लई पीत हुतं." तेही खरंच. गाडी जन्मली १९७३ ला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं, काही महिन्यांत जगभर भाव चौपट. त्यानंतर गावोगावच्या पेट्रोल जिपांच्या पोटात मिळेल ते डिझेल इंजिन गेलं. आमचं प्यूजो पुढे ऐंशीच्या दशकात चढलेलं. कागदावर कुणी चढवलं नाही.

म्हणजे ज्या इंजिनाच्या अस्सलपणासाठी मी आणि दंतवैद्याने चहाचे इतके कप रिचवले, ते भाडेकरू निघालं. दंतवैद्याला सांगितलं तर तो फक्त "हं" म्हणाला. नंतर काही दिवस त्याच्या दवाखान्यात फार गर्दी होती.

माझा एक जुना विद्यार्थी परिवहनाची कागदपत्रं करतो. बॅलन्स शीटला नापास झाला होता, आता मोटर वाहन कायदा त्याच्या जिभेवर आहे. त्याने मला बसवून १९८८च्या कायद्याचं कलम ५२ समजावलं. निर्मात्याने मुळात जे दिलं आणि पुस्तकात जे नोंदलं त्यात आपल्या मनाने फरक करायचा नाही. इंजिन बदलायचं तर मंजुरी हवी, आणि बदल झाला की चौदा दिवसांत कळवायचं. "सर, तुमचे चौदा दिवस साधारण चाळीस वर्षांपूर्वी संपले." त्यातून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी कडक वाचलंय. शिकवण्याची त्याची पद्धत चांगली आहे. माझ्यापेक्षा बरी.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण सर, गाडी पन्नास वर्षांवर गेली ना? व्हिंटेज करा." २०२१च्या नियमांनी ही सोय झाली आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी. वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. व्हीए! मला ती पाटी दिसायला लागली. अट एवढीच की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. म्हणजे प्यूजो बाद, डीआय बाद, मेहुण्याची स्कॉर्पिओ बाद. हवं ते पेट्रोलचं हरिकेन. आणि हो, गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरती.

"म्हणजे भाजी आणायला नेता येणार नाही," मी बायकोला सांगितलं.

"आत्ता कुठे येते?" ती म्हणाली.

आता तिनाची चार इंजिनं झाली होती. बोलायला पुन्हा विषय झाला, आणि रंकाळ्यावरचा बाक पुन्हा भरला. हरिकेन ताकदीला सत्तरीच्या पुढे, म्हणजे पन्नासच्या दशकातलं इंजिन प्यूजो आणि डीआय या दोन्ही डिझेलांपेक्षा जोरकस, ही माहिती मी तिथे सावकाश, एकेक शब्द चघळत दिली. लिटरला किती देतं, हे कुणी विचारलं की मी तलावाकडे बघायचो.

बागायतदाराला पुन्हा फोन. जुनं इंजिन मोडीत घातलं का?

"मोडीत कशाला? हिरीवर बसीवलं हुतं. इजंची मोटर आल्यावर गुऱ्हाळात टाकलंय."

मी आणि मिस्त्री तसेच निघालो. गुऱ्हाळ बंद पडून जमाना झालेला. चिपाडांच्या ढिगामागे, फुटक्या काहिलीला टेकून ते बसलं होतं. कार्बोरेटर नाही, मॅनिफोल्डमध्ये मुंगळ्यांचं वारूळ. मिस्त्रींनी खिशातून वायर ब्रश काढला आणि ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळ घासायला सुरुवात केली. गंज उडाला, त्याखाली उसाच्या मळीचा थर, त्याखाली काळं लोखंड, आणि त्यावर ठोकलेले आकडे. मी नोंदणीपुस्तक उघडून एकेक अंक वाचत गेलो आणि मिस्त्री बोटाने दाबत गेले. सगळे जुळले. क्रँकला पाना लावून बघितला. हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "जाम हाय, पर फुटलेलं न्हाई. हुतंय काम." मग बोटांवर मोजत त्यांनी सुरुवात केली: बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर शोधायचा, डिस्ट्रिब्युटर शोधायचा.

मी बागायतदाराला बाजूला घेऊन किंमत विचारली. त्यांनी सांगितली.

"अहो, एवढ्याला तर मी अख्खी गाडी घेतली तुमच्याकडून!"

"सर," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "गाडी जुनी हुती. हे ओरिजिनल हाय."

विचार करून कळवतो म्हणून सांगून आलोय.